तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवेश देताना परिस्थिती मोजायची कशी?

"आता जात पुरे झाली, घरची परिस्थिती बघून प्रवेश द्या, असं तुम्हाला नाही वाटत?" हा प्रश्न प्रवेशाच्या हंगामात मला कोणी ना कोणी विचारतेच. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवण्याबरोबर कॅप फेऱ्यांच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) सुविधा केंद्रावर कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे असते. म्हणून मीही मान डोलावीन, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. परिस्थिती जरूर बघावी, असे माझेही मत आहे. मात्र ती जातीच्या जागी बघू नये आणि शक्य तोवर उत्पन्नाच्या दाखल्यावरून तर बघूच नये.

पहिला मुद्दा थोडक्यात सांगतो. दिल्लीच्या एम्समधील दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने 2007 मध्ये अहवाल दिला. वर्गात आणि वसतिगृहात त्या विद्यार्थ्यांना कसे वेगळे पाडले जाते, हे त्यात नोंदलेले आहे. देशातील सर्वांत अवघड स्पर्धेतून आत गेलेल्या या मुलांच्या वाट्याला जे आले, ते वडिलांचा पगार वाढल्याने टळले असते असे मानायला आधार नाही. गरिबी आणि जात पुष्कळदा एकाच घरात नांदतात, तरी एकीच्या मोजमापाने दुसरी मोजता येत नाही.

दुसरा मुद्दा माझ्या टेबलावरचा आहे. एसटीच्या चालकाच्या मुलाची फाइल उघडली की फॉर्म 16 मध्ये त्याच्या वडिलांची मिळकत रुपयापर्यंत दिसते, त्यात ना लपवायला जागा असते ना वाढवायला. त्यानंतर बाजारपेठेत दोन गाळे असलेल्या घरातील मुलीची फाइल येते आणि तहसील कार्यालयाच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न सव्वा लाख लिहिलेले असते. दाखल्यावर सही आहे, शिक्का आहे, बारकोडही आहे. मी तो नाकारू शकत नाही आणि नाकारूही नये, कारण चौकशी करणे हे माझे काम नाही. पण ज्याची कमाई कागदावर येते तो श्रीमंत ठरतो आणि ज्याची येत नाही तो गरीब, हे मला दर वर्षी डोळ्यांसमोर दिसते.

मर्यादेचीही तीच तऱ्हा आहे. इतर मागासवर्गाच्या नॉन-क्रिमीलेयरसाठी, म्हणजे त्या वर्गातील सधन घरे वगळून उरलेल्यांसाठी, वार्षिक आठ लाखांची मर्यादा आहे आणि 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीनंतर आलेल्या ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठीही आठच लाखांची. पण पहिल्यात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, दुसऱ्यात दोन्ही धरतात. शिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गातील गरिबांना ईडब्ल्यूएसमध्ये प्रवेशच नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये ही तरतूद तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवली. विरोधातील दोन न्यायमूर्तींचा आक्षेप नेमका या वगळण्यावर होता आणि मला तो आजही पटतो.

मग मोजायचे काय? मूल कुठे आणि कोणत्या शाळेत शिकले, हे मोजावे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने अनेक वर्षे आरक्षणाच्या जोडीला हेच केले. जनगणनेतील स्त्रियांची साक्षरता, शेतीवर अवलंबून असलेले लोक अशा आकड्यांवरून जिल्ह्यांची प्रतवारी लावून, मागास जिल्ह्यातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश परीक्षेत काही जादा गुण दिले जात. मुलींना वेगळे गुण असत. एम.फिल. आणि पीएच.डी.साठी हे गुण 2017 मध्ये बंद झाले, याचे मला वाईट वाटते, कारण जिल्हा बदलून आणता येत नाही. तमिळनाडूने 2020 मध्ये शाळेचे माप लावले: सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा.

ही मापे महाराष्ट्राने जशीच्या तशी उचलू नयेत. आपल्याकडे माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित शाळांवर आहे, त्यामुळे केवळ सरकारी शाळेची अट घातली तर खेड्यातील असंख्य मुले बाहेर राहतील. प्रदेशाचे मापही उलटू शकते. वैद्यकीय प्रवेशातील 70:30 सूत्रात 70 टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी होत्या. पण मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने तिथल्या मुलांना जागाही कमी मिळत, आणि ते सूत्र रद्द करण्याची मागणी मराठवाड्यातूनच झाली. सप्टेंबर 2020 मध्ये ते रद्द झाले. विभागात जागा किती हे न पाहता केवळ विभाग पाहिला की असे होते.

अभियांत्रिकीत आजही बारावी कोणत्या जिल्ह्यातून झाली यावरून विद्यार्थ्याची होम युनिव्हर्सिटी (प्रवेशासाठी त्याचे स्वतःचे मानले जाणारे विद्यापीठ) ठरते, म्हणजे ठिकाण आपण पाहतोच. पण बारावीवर माझा फारसा भरवसा नाही. नाव खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगा दोन वर्षे लातूरच्या किंवा पुण्याच्या क्लासमध्ये, हे गुपित राहिलेले नाही; हजेरीपटावर तो रोज हजर असतो. त्यापेक्षा पाचवी ते दहावीचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामीण अनुदानित शाळेत झाले असेल, तर त्याचे चार-पाच गुण द्यावेत, आरक्षण आहे तसे ठेवून आणि सर्व प्रवर्गांत सारखेच. दहा-अकरा वर्षांच्या मुलाची शाळा पुढच्या प्रवेशावर डोळा ठेवून बदलणारे पालक निघतीलही, पण मग निदान त्या शाळेत शिक्षक आहेत की नाहीत याची चौकशी तरी ते करतील.