माझंही नाव बदललं, विद्यापीठाचंही

विद्यापीठाच्या निवडणुकीसाठी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवायला बसले आणि पहिल्याच कागदाला अडले. पदवी प्रमाणपत्र 2011 चं. त्यावर माझं माहेरचं नाव, आणि वर ठळक अक्षरात 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ'. आधार कार्डावर सासरचं नाव, अर्जावर 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ'. विद्यापीठाचं नाव 2018 मध्ये बदललं, त्याला कुणी दाखला मागत नाही. मला मात्र विवाह नोंदणीचा दाखला हवा होता आणि लग्नाला दहा वर्षं उलटली तरी तो आम्ही काढलाच नव्हता. आळस आमचाच.

सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तू ते पास व्हई गयी ना माय, मंग आते कसाना फारम भरस?"

खरंच, कशाचा? विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट आणि निकाल, एवढंच मला ठाऊक. उत्तर दिलं नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी. त्यांची पदवी पुण्याची. धुळ्यात शिकले, पण तेव्हा खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. कागदात काही अडलं की रात्रीची एसटी धरून पुणं गाठायचं. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला विद्यापीठ झालं, तेव्हा कुठे ही पायपीट थांबली. नंदुरबार त्या वेळी धुळ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला 1998 ला. "मागून घेतलेलं विद्यापीठ आहे, आता चालवायला माणसं नकोत का?" नाना म्हणाले.

मग मी 2016 चा विद्यापीठ कायदा उघडून बसले. भाषा अशी की झोप यावी, पण अधिसभेचं, म्हणजे सिनेटचं, कलम वाचून जागी झाले. कुलपती राज्यपाल, रोजचा कारभार कुलगुरूंकडे आणि व्यवस्थापन परिषदेकडे, अभ्यासक्रम अभ्यास मंडळातून विद्या परिषदेत. आणि अर्थसंकल्प मंजूर करणाऱ्या अधिसभेत दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या! पाच खुल्या, उरलेल्या पाच अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांना एकेक. परीक्षेची फी, वसतिगृह, निकालाचा उशीर, हे सगळं तिथे विचारता येतं. पदवी घेऊन इतकी वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत तीन फेऱ्या झाल्या. लग्नाची पत्रिका सापडेना. शेवटी ती नणंदेच्या पेटीत, साड्यांच्या घडीत निघाली. साक्षीदार म्हणून शेजारच्या तात्यांना शेतातून बोलावून आणलं. ते कापूस वेचायचा सोडून आले, म्हणून चहा दोनदा झाला. दाखला जोडला आणि अर्ज पुढे सरकला.

यादीत नाव आलं तेव्हा मी तेच बघत राहिले. वर बहिणाबाईंचं नाव, खाली माझं. आसोद्याची ती माय स्वतः अक्षर शिकली नव्हती. तिच्या ओव्या इतरांनी लिहून घेतल्या म्हणून उरल्या.

मतदानाला गेले तर हातात एकामागून एक मतपत्रिका. इथे फुली नाही, शिक्का नाही. पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, तोही तिथल्याच पेनाने. सवयीने पहिल्या नावापुढे बरोबरची खूण करणार होते, पेन टेकणार तेवढ्यात आठवलं. 1 लिहिला.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "व्हयनी का वं परीक्षा?"