बेचाळीस पॉइंटचा मथळा

आमच्या दैनिकाच्या जुन्या फायलींत २७ मे १९९९ चं क्रीडापान आहे. खालच्या बाजूला तीन कॉलमी मथळा आहे, आणि त्याचा टाइप शेजारच्या मथळ्यांपेक्षा बारीक दिसतो. बाकीचे सगळे ४८ पॉइंटमध्ये, हा एकटाच ४२. वाचकांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही. मला मात्र ते पान उघडलं की त्या रात्रीचा शाईचा आणि गरम मशीनचा वास येतो.

मी तेव्हा क्रीडाविभागात उपसंपादक होतो. नोकरीचं चौथं वर्ष, आणि बहुतेक वेळा रात्रपाळी. २६ मेचा दिवस साधा नव्हताच. सकाळी वायुदलाने कारगिलच्या शिखरांवर हल्ले सुरू केले होते. पवारांना काँग्रेसमधून काढल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता, त्यामुळे राजकीय डेस्कवर वेगळीच धावपळ. आणि आमच्याकडे टाँटनचा वर्ल्ड कप सामना! गांगुली १८३, द्रविड १४५, दोघांची ३१८ धावांची भागीदारी. ३७३ धावा करून श्रीलंकेला २१६ वर गुंडाळलं. तीनच दिवसांपूर्वी सचिन वडिलांच्या अंत्यविधीहून परत जाऊन ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० करून आला होता, त्यामुळे लोक वर्ल्ड कपच्या बातम्यांवर तुटून पडत होते. पानाचा वरचा अर्धा भाग क्रिकेटचा हे सांगायलाही नको. खालचे तीन कॉलम मी भांडून मागून घेतले होते.

ते तीन कॉलम होते बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावरल्या युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यासाठी. बायर्न म्युनिक विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. आपल्याकडे सामना सुरू व्हायची वेळ रात्री सव्वाबारा. एरवी आमचं शहर आवृत्तीचं क्रीडापान साडेबाराला सुटायचं, पण कारगिलमुळे पहिलं पान दोनपर्यंत थांबवलं होतं. मी वृत्तसंपादकांकडे गेलो. ते मान वर न करता म्हणाले, "एक पन्नास. त्यापुढे एक मिनिट नाही."

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने बघत मोठा झालो, आणि शाळेच्या संघात गोलकीपर होतो. त्यामुळे फुटबॉल बघताना माझी नजर आधी जाळ्यापाशी जाते. बायर्नच्या जाळ्यापुढे ऑलिव्हर काहन उभा होता. जर्मन उच्चार खरं तर 'कान' असा आहे. पण मथळ्यात 'कान' छापलं तर वाचक अडखळणार, म्हणून आमच्या डेस्कवर 'काहन' रूढ झालं होतं. पुढेही तेच लिहितो.

सामन्याच्या सहाव्याच मिनिटाला बास्लरच्या फ्री किकवर बायर्नचा गोल झाला. त्यानंतर पाऊण-एक तास मँचेस्टर काहनच्या जवळ फिरकतही नव्हतं म्हटलं तरी चालेल. मी मध्यंतरातच काहनवर एक चौकट लिहायला घेतली. १५ जून १९६९ ला कार्ल्सरूहेत जन्म. वडील रोल्फ तिथल्याच कार्ल्सरूहे क्लबकडून खेळलेले. बुंडेसलीगातला, म्हणजे जर्मनीच्या अव्वल साखळी स्पर्धेतला, पहिला सामना १९८७ सालचा, कोलोनविरुद्ध, आणि पहिल्याच दिवशी जाळ्यात चार गोल. तिथून सहा वर्षांनी कार्ल्सरूहेने व्हॅलेन्सियाला ७-० ने झोडपलं, तेव्हा जाळ्यात हाच. १९९४ मध्ये बायर्नकडे आला आणि काही महिन्यांतच गुडघ्याचा लिगामेंट फाटला. सहा महिने घरी. परत आला तो पहिल्यापेक्षा तिखट होऊन. हे सगळं मी मनापासून लिहिलं. शेवटचं वाक्य मला पाठ आहे: 'बार्सिलोनाच्या रात्री मात्र काहनने आपल्या जाळ्याला चेंडूचा स्पर्शही होऊ दिला नाही.'

दुसऱ्या सत्रात शोलचा एक फटका खांबाला लागला. यांकरचा एक आडव्या बारवर आदळला. एक पन्नास झाले. दहा मिनिटं बाकी. स्कोअर १-० च. मी मथळा दिला, 'युरोपचा मुकुट बायर्नच्या शिरी'. ४८ पॉइंट, तीन कॉलमांत चपखल बसला. ऑपरेटरने बटर पेपरवर प्रिंट काढली, पेस्टिंगवाल्याने ती चिकटवली, काहनचा तोंड उघडून ओरडतानाचा फाइल फोटो लावला. पान निगेटिव्ह काढायला खाली कॅमेऱ्याकडे गेलं. मी चहा घेऊन टीव्हीपुढे बसलो.

भरपाईची तीन मिनिटं. मँचेस्टरला कॉर्नर मिळाला आणि त्यांचा गोलकीपर श्मायकेलसुद्धा पुढे धावत आला. बेकहॅमचा कॉर्नर, गोंधळ, गिग्जचा बसका फटका, शेरिंगहॅमने तो वळवला. १-१. चहा तसाच हातात. डोक्यात पहिला विचार आला तो जादा वेळेचा, म्हणजे पानाचा. तेवढ्यात दुसरा कॉर्नर. शेरिंगहॅमचं डोकं, सोल्शारचा पाय, चेंडू जाळ्याच्या छताला. काहनला हलायलासुद्धा वेळ मिळाला नाही. कुफूर जमिनीवर मुठी आपटत होता आणि रेफरी कोलिना जर्मन खेळाडूंना हाताला धरून उठवत होता, कारण सामना अजून काही सेकंद उरला होता.

मी जिना उतरलो तो दोन-दोन पायऱ्या गाळत. "मामा, क्रीडापान थांबवा!"

फोरमन मामांनी चष्मा वर केला. "निगेटिव्ह झाली. प्लेट करायला घेतोय."

"बायर्न हरलं."

"कोण?"

मामांना फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. पण चुकलेली बातमी म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी वर फोन केला, वृत्तसंपादकांनी दहा मिनिटं दिली. मी उभ्या उभ्या पहिला परिच्छेद नव्याने सांगितला, ऑपरेटरने टाइप केला. मथळ्यात एकच शब्द बदलायचा होता, पण 'बायर्नच्या'च्या जागी 'मँचेस्टरच्या' बसेना. पॉइंट कमी करत करत ४२ वर आलो तेव्हा कुठे ओळ मावली. मामांनी निगेटिव्हमधून जुना मथळा ब्लेडने कापला आणि नवा तुकडा लाल टेपने जोडला. दिव्याच्या काचेवर वाकून ते काम करताना त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. माझे पाय मात्र थरथरत होते.

अडीच वाजता मशीन सुरू झालं. मी पहिला अंक उचलला. मथळा बरोबर, पहिला परिच्छेद बरोबर. मग नजर उजवीकडच्या चौकटीवर गेली.

चौकट तशीच होती. शेवटच्या वाक्यासह.

मशीन थांबवा असं सांगायची सोय आता नव्हती, गाड्या लागलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी अंक माझ्यापुढे ठेवला आणि त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. ओरडले नाहीत. शुद्धिपत्र द्यावं असं मी सुचवलं तर म्हणाले, "आज पानात जागा कुठे आहे?" ते खरंच होतं. त्या दिवशी कारगिलमध्ये वायुदलाच्या नचिकेतांचं विमान पडलं होतं. फुटबॉलच्या एका वाक्याची दुरुस्ती कोण छापणार? पण मला ती बोच राहिली. एका गोलकीपरच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तीन मिनिटांवर मी 'चेंडूचा स्पर्शही नाही' असं छापलं होतं, आणि जाळ्यापुढे उभं राहून शेवटच्या मिनिटाला गोल खाणं काय असतं हे मला चांगलं माहीत होतं.

त्यानंतर मी काहनचा प्रत्येक सामना त्या चुकीच्या हिशेबानेच पाहिला. २००१ च्या १९ मे रोजी बुंडेसलीगाचा शेवटचा दिवस होता. नव्वदाव्या मिनिटाला हँबर्गने बायर्नवर गोल केला, तिकडे विजेतेपदाच्या शर्यतीतल्या शाल्केच्या मैदानावर लोक विजेतेपद साजरं करू लागले. शेजारचा सहकारी म्हणाला, "शाल्के टाकू का?" मी म्हटलं, शिट्टी वाजू दे. काहन आपल्या खेळाडूंना ओरडून ओरडून पुढे ढकलत होता. भरपाईच्या चौथ्या मिनिटाला अँडरसनने फ्री किकवर गोल केला आणि बायर्न विजेतं ठरलं. संध्याकाळची वेळ होती, सगळं नीट छापता आलं.

चार दिवसांनी मिलानमध्ये पुन्हा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर व्हॅलेन्सिया. या वेळी मी कोणतीच चौकट लिहून ठेवली नव्हती. नव्वद मिनिटांनंतर १-१. जादा वेळ. आमची मुदत संपली. शहर आवृत्तीत 'सामना बरोबरीत, जादा वेळेचा खेळ सुरू' एवढंच गेलं. खाली मशीन धडधडत असताना मी रिकाम्या डेस्कवर एकटा बसून पेनल्टी बघितल्या. काहनने तीन अडवल्या. झाहोविचची, कार्बोनीची, आणि शेवटी पेलेग्रिनोची. बायर्न ५-४. सगळे त्याच्या अंगावर धावले. थोड्या वेळाने तो त्या घोळक्यातून बाहेर पडला आणि समोरचा गोलकीपर कान्यिझारेस रडत होता, त्याच्याजवळ गेला. दोन वर्षांपूर्वी काहनच्या संघाला कोण उठवत होतं ते मला आठवलं, आणि एकटाच असल्यामुळे मी डोळे पुसले. तो हरला तेव्हा मी त्याला जिंकवून छापलं. तो जिंकला त्या रात्री आमच्या अंकात त्याचा विजयच नव्हता. वाचकांना तो एक दिवस उशिरा मिळाला.

२००२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल आपल्याकडे दुपारी साडेचारला होती, घाई नव्हती. त्याआधीच्या सहा सामन्यांत त्याच्यावर फक्त एक गोल झालेला. योकोहामात रिव्हाल्डोचा फटका हातातून निसटला आणि रोनाल्डोने साधला. उजव्या हाताच्या बोटाचा लिगामेंट दुखावला होता, तरी त्याने ते कारण पुढे केलं नाही. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल त्याला मिळाला. गोलकीपरला तो मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही. खांबाला पाठ लावून बसलेला त्याचा फोटो मी चार कॉलमी लावला, आणि वर शब्द कमीत कमी ठेवले.

२००६ मध्ये घरच्या वर्ल्ड कपला त्याला बाकावर बसवलं. अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी सुरू व्हायच्या आधी तो लेहमनपाशी गेला आणि त्याचा हात हातात घेतला. ज्याने त्याची जागा घेतली, त्याचा.

मग २००८. एव्हाना क्रीडापान माझ्या जबाबदारीवर होतं. बायर्नचा आशिया दौरा कोलकात्यात संपणार होता, सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानशी सामना, आणि बायर्नच्या जर्सीतला काहनचा हा निरोपाचा सामना. तारीख २७ मे. मला जायचं होतं, पण आयपीएलचा पहिला हंगाम शेवटच्या टप्प्यात होता, डेस्क सोडता येईना. रात्री एजन्सीची बातमी आली. सुमारे १ लाख २० हजार प्रेक्षक, बायर्न ३-०, काहन ५५ व्या मिनिटाला बाहेर, जागी रेन्सिंग.

मी चौकट लिहायला घेतली. बुंडेसलीगाचे ५५७ सामने. आठ विजेतेपदं. जर्मनीकडून ८६ सामने. मिलान, योकोहामा. शेवटी एक ओळ घातली: '२६ मे १९९९, बार्सिलोना : मँचेस्टर २, बायर्न १. दोन्ही गोल भरपाई वेळेत.'

नव्याने लागलेला मुलगा प्रूफ वाचत होता. म्हणाला, "सर, निरोपाच्या दिवशी हे कशाला? काढू का?"

"नको," मी म्हटलं. "ती ओळ नऊ वर्षं राहून गेली होती."