एस्टीमचं पॅकिंग आणि माझा हायलमवाला शहाणपणा

गेल्या पावसाळ्यात खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण इंजिनच्या हेडचं (सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागाचं) काम करून जेमतेम दोन महिने झाले होते. गाडी बाबांची, २००४ची मारुती एस्टीम, १२९८ सीसी, कंपनीतून ८५ बीएचपी. अंगाने हलकी, त्यामुळे थोडं पोर्टिंग (हेडमधले हवेचे मार्ग, म्हणजे पोर्ट, घासून मोठे करणं) आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट केला तरी फरक जाणवतो. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर कूलंटचा तो गोडसर वास आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या) खालच्या कडेला हिरवा ओघळ. शिव्या द्यायला दुसरं कोणी नव्हतं, तो उद्योग माझाच होता.

झालं असं की हेड आणि मॅनिफोल्डमध्ये थर्मल स्पेसर (उष्णता अडवणारी पट्टी) टाकला की मॅनिफोल्ड थंड राहतो, हवा थंड म्हणजे दाट, दाट म्हणजे पॉवर, असं डोक्यात बसलं होतं. मग एका राउटरवाल्याकडून ५ एमएमच्या हायलम (उष्णता फारशी न वाहणारं कडक लॅमिनेट) शीटमधून स्पेसर कापून घेतला, दोन्ही बाजूंना पातळ पॅकिंग (गॅस्केट, जोड गळू नये म्हणून मधे घालतात ते), मस्त दिसत होता. पण एक गोष्ट मी लक्षातच घेतली नाही. एस्टीमच्या या जी१३ इंजिनचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) मॅनिफोल्डवरच बसतो, म्हणजे हेडमधून निघालेलं उकळतं पाणी मॅनिफोल्डमधूनच रेडिएटरकडे जातं. आता एकीकडे हायलम लावून हेडची उष्णता अडवायची आणि दुसरीकडे त्याच मॅनिफोल्डच्या पोटातून ९० डिग्रीचं पाणी फिरवायचं, याला काय म्हणायचं? ज्या गाड्यांच्या मॅनिफोल्डमध्ये पाणी नसतं तिथे स्पेसरचा उपयोग आहे, तोही जास्त करून ट्रॅफिकमध्ये गाडी तापून उभी असते तेव्हा. फुल थ्रॉटलला हवा इतक्या वेगाने आत जाते की तिला तापायला वेळच मिळत नाही.

त्यात एकाच्या जागी दोन जॉइंट झाले, स्टड (ज्यांवर नट बसतात ते रोवलेले बोल्ट) ५ एमएमने आखूड पडले, नट शेवटच्या दोन-तीन आट्यांवर अडकलेले, आणि खालचा ब्रॅकेट मी ताणून बसवलेला. गळणारच होतं.

पाणी नंतर गळलं, हवा तर त्याच्या आधीपासूनच चोरत होती, फक्त मला कळलं नाही. आयडल ८००-९०० असायचं ते ११००-१२०० वर गेलं आणि मी मूर्खासारखा खूश, म्हणलं पोर्टिंगमुळे असेल. एस्टीमला मॅप सेन्सर आहे, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डमधलं प्रेशर बघून पेट्रोल ठरवतो, त्यामुळे चोरून शिरलेली हवा पण हिशोबात धरली जाते आणि वरवर फक्त आयडल वाढलेलं दिसतं. पण हवा एकाच रनरला (एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीला) शिरत असेल तर पेट्रोल मात्र चारही सिलिंडरना सारखंच वाटलं जातं, आणि ज्याच्या शेजारी फट आहे तो बिचारा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतो. प्लग काढले तर तीन बदामी आणि चार नंबरचा पांढराफटक. गॅरेजवर स्मोक मशीन लावलं तेव्हा त्याच रनरच्या खालून धुराची बारीक दोरी वर आली. सगळ्यांना दाखवत होता तो मेकॅनिक, मला कुठे तोंड लपवू झालं.

मग पुण्यातली स्पेअर पार्टवाली नाना पेठ. स्टॉक (कंपनीच्या मापाचं) पॅकिंग मिळालं, स्वस्तात, पण ते माझ्या हेडला चालेना, कारण पोर्ट मोठे केलेले आणि पॅकिंगची भोकं जुन्या मापाची. लावून बघितलं तर सगळीकडून दीड-दोन एमएम ओठ आत डोकावतोय. एवढे तास बर्र (घासायचं फिरतं टूल) घेऊन पोर्ट घासायचे आणि वाटेत कागदाची पायरी ठेवायची, काय अर्थ आहे? ब्लेडने कापून मोठं करावं तर भोकाच्या कडेची सीलिंगची पट्टीच जाते.

तिथेच एक म्हातारे मामा जॉइंट शीटमधून पॅकिंग कापून देतात. मी हेड घेऊन गेलो नव्हतो, मॅनिफोल्ड नेला होता, तर म्हणाले, "साहेब, हे भोक लहान आन् हेडचं मोठं असंल तर माप कुणाचं घेऊ?" बरोबर प्रश्न. दुसऱ्या दिवशी हेडच्या तोंडाला मार्किंग ब्लू लावून कागदावर छाप काढून नेला. मॅनिफोल्डचा पोर्ट हेडपेक्षा किंचित लहान असला तर चालतं, हवा लहानातून मोठ्यात जाते. उलटं असेल तर हवा थेट पायरीवर आपटते. आणि पॅकिंगचं भोक मोठ्या पोर्टपेक्षाही चहूबाजूंनी अर्धा-एक एमएम मोठं हवं, कारण दाबल्यावर ते पसरतं. मामांनी स्टडची भोकं पंचने पाडली, बाकीचं काम छोट्या हातोडीने कडेवर टकटक करत. कुठे घाई नाही.

शीट ०.८ एमएमचं घेतलं, बिनअ‍ॅस्बेस्टॉसचं. मी १.५ मागत होतो, जाड म्हणजे भक्कम या हिशोबाने. मामा म्हणाले, "जाड कशाला? फेस वाकडा हाय का?" खरंय ते, जाड पॅकिंग वाकडेपणा झाकतं पण नंतर बसतं जास्त आणि नट सैल पडतात. फेसवर (पॅकिंग बसतं त्या पृष्ठभागावर) स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला तर एका टोकाला ०.१५ एमएम सहज गेला. ०.१०च्या वर म्हणजे फेसिंग मारायचंच (घासून सपाट करायचंच), सिलिकॉन थापून भागवायचं नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, आणि आत सुटलेला तुकडा थेट व्हॉल्व्हकडे जातो. मी फक्त पाण्याच्या भोकाभोवती सेन्सर-सेफ (सेन्सरला अपाय न करणाऱ्या) सिलिकॉनचा अगदी पातळ हात फिरवला.

एका मित्राच्या टर्बो गाडीला मात्र असलं साधं शीट मी सुचवणार नाही. आपल्या बिनटर्बो गाडीत पॅकिंग आत ओढलं जातं, त्याच्याकडे बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आला की बाहेर ढकललं जातं. तिथे आत पत्रा असलेलं किंवा एमएलएसच (स्टीलच्या अनेक थरांचं) घ्यावं, पण एमएलएसला फेस एकदम सपाट आणि गुळगुळीत लागतो, खरवडलेल्या फेसवर ते कागदापेक्षा वाईट.

बसवताना कूलंट आधी पूर्ण काढलं, मधल्या नटांपासून बाहेर असे दोन फेऱ्यांत टॉर्क मारले, आणि दोन दिवस गाडी चालवून थंड इंजिनवर पुन्हा बघितले तर तीन नट पाव आटा फिरले. आयडल ८५० वर आलंय, चारही प्लग बदामी. हायलमचा स्पेसर फेकायला निघालो होतो, आईने धुऊन ठेवून घेतला. चार लांबट भोकांच्या त्या पट्टीवर आता रोज सकाळी चहाचं पातेलं असतं.