आमची वाटचाल : निधीच्या आधी हिशेब

ठाण्यातली आमची फर्म छोटी आहे. स्वयंसेवी संस्था आणि महिला बचत गटांना सल्ला देणं हे आमचं काम. दारात येणारी मागणी मात्र वर्षानुवर्षं एकच : निधी मिळवून द्या. आणि आमचं काम बहुतेक वेळा त्याच्या बरंच अलीकडे सुरू होतं.

सुरुवातीचं काम होतं कपाटं उघडायचं. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते, त्यामुळे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. तो राहिला, तेवढ्यात पुढची निवडणूक झाली, की दुसरा रिपोर्टही पहिल्यामागे अडकतो. कागदावर दिवंगत अध्यक्ष विश्वस्त म्हणून कायम राहतात आणि बँक सही बदलून देत नाही. सभेची विषयपत्रिकेसह नोटीस, ती पोचल्याची सही, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र : हे त्याच आठवड्यात फाइलला लावलं तर पुढचा त्रास वाचतो. नंतर जमवायला गेलं की नोटीसच सापडत नाही.

१ एप्रिल २०१४ पासून सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाची, तरतूद लागू झाली आणि फोन वाढले. कायदा कंपनीला स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या कंपनीला दिघा-तुर्भे जवळचं वाटणारच, शहापूरच्या पाड्यावरच्या संस्थेला जास्त बोलावं लागतं. २०२१ पासून सीएसआर-१ या अर्जाने केलेल्या नोंदणीशिवाय संस्थेला असा निधी घेता येत नाही. पण अर्जापेक्षा जास्त नुकसान करतो तो एक गैरसमज. ‘प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के’ असं संस्थांना सरसकट सांगितलं जातं. नियमातली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा आणि देखरेखीचा थेट खर्च त्यात येत नाही. (परदेशी निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीतली. ती वेगळी, तिची सरमिसळ करू नये.) संस्था घाबरून अंदाजपत्रकातून समन्वयकाचा पगार, प्रवास आणि हिशेबनिसाचा वाटा गाळते, मग वर्षाच्या मध्यात पैसे संपतात. म्हणून आम्ही प्रत्येक प्रकल्पाचा पूर्ण खर्च आधी काढायला लावतो. कुठली ओळ कोण भरणार, हे त्यानंतर.

बचत गटांत हाच घोटाळा मजुरीपाशी होतो. समजा, गट आगरी मसाला करतो. किलोला मिरची आणि खडा मसाला ४२०, भाजणी आणि डंकावरची कुटाई ६०, दोनशे ग्रॅमच्या पाच पाऊचचे आणि लेबलांचे ३०, वाहतूक ३०; एकूण ५४० रुपये. सहाशेला विकला, साठ सुटले, म्हणून सगळ्या खूश. देठ काढण्यापासून पाऊच बंद करेपर्यंतचे दोन तास कुणी मोजलेच नाहीत. तासाला ७० धरले तरी खर्च ६८० होतो, म्हणजे किलोमागे ८० रुपयांचा तोटा. दुकानदार छापील किमतीवर २५ टक्के घेणार असेल, तर नुसता खर्च निघायलाच किंमत किलोला सुमारे ९१० लागते. देठ गेल्यावर आणि भाजल्यावर वजन घटतं, म्हणून किलोचा हिशेब तयार मालावर धरायचा, आणलेल्या मिरचीवर नाही. एवढ्या किमतीला गिऱ्हाईक मिळत नसेल, तर मसाला सोडून दुसरा माल शोधायचा. अनुदानातून गिरणी घेऊन हे गणित सुटत नाही. अनुदानाच्या यंत्रांवर धूळ बसते ती बहुधा याच कारणाने.

गटातलं कर्ज हा आमच्या मते मसाल्याहून भक्कम धंदा. महिना २ टक्के व्याज म्हणजे वर्षाला २४ टक्के, पण ते गटाच्याच पेटीत राहतं. फक्त कर्जाची नोंद सभेतच, सगळ्यांसमोर वहीत व्हायला हवी. सचिव घरी नेऊन लिहिते तिथून भांडणं लागतात.

अलीकडे सर्वाधिक काम नेतृत्वाच्या हस्तांतराचं आहे. दुसरी फळी तयार करा, असं सगळेच म्हणतात. आम्ही आधी विचारतो की ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो. बँक, आयकर पोर्टल, डिजिटल सही, सगळं संस्थापक ताईंच्या किंवा दादांच्या एकाच नंबरावर असेल, तर कार्यकारी संचालक हे पद नावापुरतं. आधी संस्थेच्या नावाचं सिमकार्ड, मग तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सहीचा ठराव, त्यानंतर वर्षभर देणगीदारांच्या प्रत्येक भेटीला संस्थापक आणि नवा माणूस अशा दोघांनी जायचं आणि पुढच्या वर्षी एकट्या नव्या माणसाने. संस्थापक विश्वस्त मंडळावर राहिले तर रोजच्या खरेदीची मंजुरी त्यांच्याकडे ठेवायची नाही. ही अट बहुतेकांना झोंबते. आम्ही ती लेखी घेतो.

मिळालेल्या निधीवर टक्केवारी आम्ही घेत नाही. महिन्याची ठरावीक फी घेतो. टक्केवारी घेणारा सल्लागार मोठा निधी सुचवतो, झेपणारा नाही. शिवाय ते कमिशन निधीच्या हिशेबात कुठल्या ओळीत दाखवायचं, हे लेखापरीक्षक विचारतोच. करार अकरा महिन्यांचा असतो. ३१ मार्चचे हिशेब संस्थेच्या माणसाने स्वतः बंद केले, तर आम्ही तो सहसा वाढवत नाही.