तुम्ही विचारलंत म्हणून: दादांनी पेपर का बंद केला?

दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, दादरच्या आमच्या घरी कुणीतरी विचारतंच. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं. त्यावरून विषय माझ्या वडिलांवर, दादांवर येतो. “बावीस वर्षं साप्ताहिक चालवलं आणि नगरपालिकेत निवडून आल्यावर बंद केलं? तेव्हा तर जोरात चाललं असतं!”

चाललं असतं. अभिनंदनाच्या जाहिराती तर लगेच सुरू झाल्या होत्या.

कोकणातल्या आमच्या गावात तो एकच पेपर. चार पानं, ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर छापलेली. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, गिरगावातून यायचे. रफार आधी तुटायचे. १८६७ च्या कायद्यानुसार अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं छापावी लागत. तिन्ही ठिकाणी दादाच.

खालच्या आळीतली एक मावशी नळाला पाणी नसलं की छापखान्यात यायची. दादा तिच्यासमोरच बातमी लिहायचे, वाचून दाखवायचे. ती एखादा शब्द बदलायलाही लावायची. निवडणुकीनंतर दादा पाणीपुरवठा समितीचे सभापती झाले. त्यानंतर एकदा ती दुपारची आली, दारातच थांबली. “काही नाही, सहज आले होते,” म्हणाली आणि गेली. मी खिळे सोडवत बसले होते. दादांनी पेन खाली ठेवलं. रात्री आईला म्हणाले, “तिनं माझी तक्रार माझ्याकडेच कशी करायची?”

लोक मला आचार्य अत्र्यांचा दाखला देतात. त्यांनी १९५६ साली ‘मराठा’ काढला, पुढच्याच वर्षी ते विधानसभेत गेले आणि पेपरही चालूच राहिला. पण ‘मराठा’ संयुक्त महाराष्ट्रासाठी लढतोय हे वाचकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मुंबईत न पटणाऱ्याला दुसरा पेपर घेता येत होता. मावशीला दुसरं दार नव्हतं.

तरी मला वाटतं, दादांनी सोडायचं होतं ते सभापतिपद. मी तेव्हाही तसं म्हटलं होतं. “लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलंय,” एवढंच ते बोलले. पेपर चालवायला घेणारं कुणी मिळालं नाही.

शेवटचा अंक माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर खालच्या आळीच्या नळाची बातमी, तीत जबाबदार सभापती म्हणून दादांचं नाव. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून, पुन्हा तेच.