एक इंच म्हणजे सहा फूट

आठवीत निसर्गचित्र काढायला सांगितलं होतं. वर्गातल्या सगळ्यांनी डोंगर, नदी, झोपडी काढली. मीही काढली, पण डोंगरातून कसारा घाट नेला आणि घाटात ट्रक घातला. चित्रकलेच्या सरांनी वही डोळ्यांजवळ नेली. आता ओरडा बसणार असं वाटलं, तर सर म्हणाले, "अरे, याच्या नाकावर तारा आहे की टी?"

फरक मला पाठ होता. टाटांच्या ट्रकवर आधी मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ साली त्यांचा करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टी आला. आमच्या शाळकरी वयात आग्रा रोडवर दोन्ही धावत होते. नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहून कोण किती तारे मोजतो, हा आमचा खेळच होता. सरांना हे माहीत आहे याचाच मला इतका आनंद झाला की पुढचे दोन तास मी त्यांच्या मागेमागे फिरत होतो.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं मित्र सायकली काढून ओझरला जायचो. आडगाव ओलांडलं की कान वर लागायचे. १९६४ साली तिथे विमानांचा कारखाना उभा राहिला. नाशिककरांसाठी तो कायम 'ओझर मिग'च राहिला. कुंपणापासून लांब, एका बाभळीखाली बसून आम्ही मिग-२१ या लढाऊ विमानाच्या चाचणी उड्डाणांची वाट पाहायचो. आधी विमान दिसायचं, ते डोक्यावरून गेल्यावर आवाज यायचा आणि तो थेट छातीत भरायचा.

मग मिग करायचाच, असं ठरलं. शेजारचे काका तिथेच नोकरीला होते, पण कारखान्यातलं अवाक्षर घरी बोलत नसत. शेवटी सार्वजनिक वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात पंखांचं माप सापडलं, ७.१५ मीटर, म्हणजे साधारण साडेतेवीस फूट. सर म्हणाले, "एक इंच म्हणजे सहा फूट धर. जगभर हौशी लोक याच प्रमाणात विमानं करतात." त्या हिशेबानं पंख जेमतेम चार इंचांचे झाले. आईच्या लाटण्याच्या मुठीवर कागद गुंडाळून, थरावर थर खळ लावून विमानाचं धड केलं. पंखांना लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. मिगच्या तोंडात जो सुळका असतो, तो काही केल्या जमेना. शेवटी पेन्सिलीला टोक काढलं आणि तेवढाच तुकडा कापून आत बसवला. हुबेहूब!

शाळेच्या प्रदर्शनासाठी सरांनी पुढचं काम दिलं, "याच मापात तुझी गल्ली कर." आमची गल्ली भांडीबाजाराजवळची. तांब्या-पितळेचे पत्रे घेऊन ट्रक उलटा आत यायचा आणि क्लीनर फाळक्यावर हात आपटत "येऊ द्या, येऊ द्या... बास!" म्हणायचा. आम्ही सुतळीला गाठी मारून गल्ली मोजली. अरुंद जागी अकरा फूट, म्हणजे आमच्या मापात दोन इंचही नाही. टूथपेस्टची नळी उलगडून, कंगव्यावर दाबून पन्हाळीचे पत्रे केले. ट्रकची चाकं झिजलेल्या स्लीपरची.

आदल्या दिवशी सरांनी ट्रक गल्लीत घातला आणि तो वळणावर अडकला. मी म्हणालो, "सर, ट्रक जरा तासतो." सर म्हणाले, "ट्रक बरोबर आहे. खरा कसा येतो, ते बघून ये."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी वळणावर बसलो. सात वाजता ट्रक आला. वळताना त्याचा मागचा भाग वाड्याकडे फिरला, भिंतीला लागणार असं वाटलं आणि तो ओट्याच्या वरून, अधांतरी, वीतभर अंतर ठेवून सरकत गेला. चाकं रस्त्यावर आणि हौदा ओट्यावर! रोज खिडकीतून पाहत होतो, पण हे कधी दिसलंच नव्हतं. मी धावत जाऊन ओटा मोजला. दोन फूट. प्रतिकृतीत मी तो साडेचार फुटांचा केला होता, कारण लहानपणी त्यावर चढताना मला दोन्ही हात टेकावे लागायचे आणि माझ्या मनात ओटा तेवढाच राहिला होता. शाळेत येऊन ब्लेडनं तो कापला. ट्रक अलगद वळला. सरांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

पुढे पोटासाठी बांधकामाचे नकाशे काढले. संध्याकाळी मात्र ट्रक, विमानं आणि जुन्या नाशिकच्या गल्ल्या टेबलावर होत्याच. तिवंधा झाला, सरकारवाड्याच्या पायऱ्या झाल्या. आमच्या वळणावरचा वाडा पडला, त्याच्याबरोबर ओटाही गेला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा मी टीव्हीसमोर तो कागदी मिग हातात धरून बसलो होतो.

तो मिग मी माझ्याजवळच ठेवतो आहे. गल्ली मात्र शाळेच्या या महोत्सवात शाळेला देतो आहे. चित्रकलेच्या वर्गात जागा मिळाली तर फार बरं वाटेल. एकच विनंती. ट्रक ठेवताना त्याचं तोंड बाजाराकडे असू द्या. तो गल्लीत नेहमी उलटाच यायचा.