हांतारानचे पैसे आणि माझी कॉलेजातली सही

लग्नाला आठ महिने होऊन गेले, तरी "सही जुळत नाहीये" हे वाक्य ऐकलं की अजून डोकं फिरतं.

मी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, नोकरीला मलेशियात शाह आलमला. बायको मलय, इथल्याच सेलांगोर राज्यातली. आपल्या मेहरसारखं इथे 'मास काहविन' असतं. सेलांगोरात ते किमान ३०० रिंगिट, म्हणजे किरकोळच. खरा घाम फोडतं ते 'हांतारान'. ही रोख रक्कम मुलाकडून मुलीच्या घरी जाते आणि बहुतेकदा त्यातूनच मांडव-जेवण उरकतात. बोलणीला तिचे थोरले काका, पाक लाँग, गुलाबी सरबत पुढे सरकवत अगदी मऊ आवाजात म्हणाले, १५ हजार. माझ्या बाजूने ऑफिसातले एक वडीलधारे मलय गृहस्थ होते, त्यांनी १२ वर आणलं. (असा माणूस न्याच. नवऱ्यामुलाने स्वतः घासाघीस केलेली बरी दिसत नाही.)

रिंगिट तेव्हा १८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे २ लाख १६ हजार. मी निवांत होतो. तीन वर्षं दर महिन्याला गावच्या खात्यात पैसे टाकत होतो, सव्वातीन लाख साठले होते. लग्नाआधीचा सक्तीचा कोर्स, एचआयव्हीची चाचणी, भारतीय हायकमिशनचा दाखला, सगळं सुरळीत झालं.

मग पैसे मागवले.

खातं कॉलेजात असताना उघडलेलं, साधं बचत खातं. परदेशी स्थायिक झालात की ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं असतं. हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फॉर्म भरला, पासपोर्ट-व्हिसाच्या साक्षांकित प्रती जोडल्या, कुरिअर केलं. अठरा दिवसांनी उत्तर आलं, सही जुळत नाही. अठराव्या वर्षी मी मराठीत सही करायचो, शेवटच्या अक्षराला खाली लांब शेपूट. पासपोर्टवर इंग्रजी. मराठी केली तर पासपोर्टशी जुळेना, इंग्रजी केली तर खात्याशी. बाबा शाखेत तीन खेपा घालून आले. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, त्यांनाच यायला सांगा ना." जणू मी चिपळूणला होतो!

रात्री वही घेऊन बसलो. चार पानं भरली तरी ती शेपटी वळेना. कॉलेजातला मी हात कसा फिरवायचो, देव जाणे. शेवटी दोन्ही सह्या माझ्याच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, ते साक्षांकित केलं, पुन्हा कुरिअर. सही मान्य झाली तर पैसे बाहेर पाठवायला सीएचं प्रमाणपत्र मागितलं. ते दिलं तर म्हणे आजच्या तारखेचं हवं. यात अकरा आठवडे गेले.

तारीख पुढे ढकलणं अशक्य. इथे लग्नं शाळांच्या सुट्ट्यांत होतात, हॉल आणि केटरर कित्येक महिने आधीच बुक. पाक लाँग फोनवर काही विचारायचे नाहीत, नुसते "सिहात?" म्हणजे तब्येत बरी ना, एवढंच. त्याचीच जास्त लाज वाटायची.

सोडवलं ते 'कुतू'ने. कुतू म्हणजे आपली भिशीच. ऑफिसातल्या दहा जणांची, महिना ५०० रिंगिटची. ती चालवणाऱ्या ताईंना, इथे 'काक' म्हणतात, अडचण सांगितली. त्यांनी आपला पहिला नंबर मला दिला, वर म्हणाल्या, जेवायला बोलाव म्हणजे झालं. ते ५ हजार आणि इथल्या खात्यातले ७ हजार, असे १२ झाले. अंगठी आणि दुलांगं मात्र क्रेडिट कार्डावर. दुलांग म्हणजे भेटवस्तूंची सजवलेली ताटं. ती विषम संख्येत लागतात, मी पाच दिली, त्यांच्याकडून सात आली. आधी विचारून घ्या, मी सहांची ऑर्डर देऊन बसलो होतो.

आणि हो, पाहुणे हस्तांदोलन करताना यजमानाच्या हातात गुपचूप पाकीट देतात, ते हिशेबात धरू नका. आमच्याकडे ते सासऱ्यांच्या खिशात गेलं, आणि ते योग्यच, जेवण त्यांनी घातलं होतं. दोन्हीकडचं जेवण एकत्र केलंत तर मात्र बरेच पैसे वाचतात. आम्हाला हे उशिरा सुचलं.

गावचे पैसे निकाहनंतर नवव्या दिवशी आले, चार्जेस कापून. कुतूचे दोन हप्ते अजून बाकी आहेत.